बारदानाचा गिली सूट

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न आहे, गिली सूट घरी करता येतो का? येतो. शिलाई सोपी आहे. खरं काम आहे सामान निवडण्याचं आणि ते तयार करण्याचं, म्हणून आज फक्त तेवढंच बोलतो.

'गिली' हा स्कॉटलंडचा शब्द. शिकारीला निघालेल्या मालकाबरोबर डोंगरात जाणारा गडी म्हणजे गिली. १९०० साली बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅट यांनी अशाच माणसांची 'लोव्हॅट स्काउट्स' उभी केली आणि त्यांची लपायची विद्या फौजेत आली.

आधी एक ताकीद. फौजेच्या छापाचं कापड अजिबात वापरू नका. नागरिकानं सैनिक भासेल असा पोशाख करणं हा गुन्हा ठरू शकतो. भारतीय सेनेचा २०२२ मध्ये आलेला नवा गणवेश तर खुल्या बाजारात विकायलाही बंदी आहे. जुनी मातकट रंगाची डांगरी घ्या, मेकॅनिक घालतात तसली. एक माप मोठी असू द्या. कोपर आणि गुडघ्यांवर जुन्या ताडपत्रीचे, म्हणजे सुती कॅनव्हासचे, तुकडे शिवा. पाठीवर आणि डोक्यावर जाळी टाका. मासेमारीची जुनी जाळी चालते. नायलॉन चमकतं, म्हणून ती चिखलात बुडवून वाळवा. पोटाच्या बाजूला काहीही लावायचं नाही, सरपटताना सगळं उपटून निघतं.

आता मुख्य माल, बारदान. धान्याच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत विचारा. आपल्याकडे १९८७ च्या कायद्यामुळे धान्य तागाच्या पोत्यात भरावं लागतं, त्यामुळे तुम्ही इंदूरला असा की बडोद्याला, पोतं मिळतंच. खताची प्लास्टिकची विणलेली गोणी नको. केरळात राहणाऱ्यांनी काथ्या मिसळावा. घायपाताचा किंवा अंबाडीचा वाख मिळाला तर उत्तमच, वाळलेल्या गवतासारखा दिसतो.

पोतं तसंच वापरू नका. गिरणीत तागावर तेल मारलेलं असतं, त्याचा वास जनावराला लांबून येतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवा, दोन-तीनदा खळबळून काढा. इथे मी स्वतः फसलो होतो. निवृत्तीनंतरचा पहिला सूट घरच्या कपडे धुण्याच्या पावडरीत धुतला. सकाळभर पाणवठ्याशी बसलो, एक पक्षी जवळ आला नाही. पुष्कळशा पावडरींमध्ये कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून एक द्रव्य घालतात. ते अतिनील प्रकाश शोषून निळसर उजळतं. बऱ्याच पक्ष्यांना तर अतिनील प्रकाशही दिसतो. माझा बेत त्यामुळेच फसला असं छातीठोक सांगत नाही, पण तेव्हापासून मी सोडा किंवा रिठाच वापरतो.

धुतलेलं पोतं उसवून एक-एक फुटाच्या पट्ट्या कापा. आडवे धागे एकेक करून ओढून काढा, उभे मोकळे होतात. कंटाळवाणं काम आहे. आमच्याकडे नातवंडं करतात, टीव्हीसमोर बसून.

रंग देताना एक चूक सगळे करतात: सगळंच हिरवं. श्रावणात केलेला हिरवागार सूट मार्गशीर्षात माळावर लांबून ओळखू येतो. निम्म्याहून जास्त ताग रंगवूच नका, त्याचा मूळ रंग सुक्या गवताचाच आहे. थोडा काताच्या पाण्यात उकळा, तपकिरी होतो. हिरड्याच्या काढ्यात गंजलेले खिळे टाकलेत की काळपट करडा मिळतो, तो सावलीसाठी. हिरवा अगदी थोडा, बाजारातल्या पुडीचा. ओला धागा नेहमी गडद दिसतो, म्हणून वाळल्यावरच पसंत करा. मग मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढून बघा. ठिगळासारखा वेगळा दिसणारा भाग लगेच कळतो. आठ-दहा धाग्यांची जुडी करून जाळीला फासगाठीनं बांधा. मुद्दाम वाकडंतिकडं, कुठे दाट, कुठे विरळ.

आगीबद्दल नीट ऐका. मोकळा ताग म्हणजे सरपण. आमच्या एका जवानानं सूट अंगात असताना बिडी पेटवली. ठिणगी बाहीवर पडली आणि आम्ही माती टाकेपर्यंत हाताची कातडी गेली होती. युद्धात अशा सूटांना आगी लागल्यावर अमेरिकेच्या फौजेनं सहज न पेटणाऱ्या धाग्याचे सूट बनवून घेतले. घरी सात भाग बोरॅक्स आणि तीन भाग बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून त्यात जुड्या बुडवा आणि न पिळता वाळवा. एक जुडी अंगणात, सूटपासून लांब, काडी लावून तपासा. यानं आग मंदावते, थांबेलच असं नाही, आणि पावसात हे सगळं धुऊन जातं. म्हणून दर पावसाळ्यानंतर पुन्हा बुडवायचं. हातमोजे घाला, उरलेलं पाणी मुलांच्या आणि गुरांच्या हाताला लागू देऊ नका.

शेवटचा थर जागेवरचा. बसायच्या ठिकाणचं गवत, पानं जाळीत खोचायची. उन्हात ती तास-दोन तासांत कोमेजतात, तेव्हा बदलायची. अभयारण्यात काहीही तोडायचं नाही, तिथं गाडीतून उतरायलाही बहुधा परवानगी नसते. आपली जागा म्हणजे ओळखीच्या शेताचा बांध, गावतळ्याचा काठ. शेतमालकाला आणि गावच्या पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा. झुडूप अचानक उठून उभं राहिलं तर कुणीही काठी उचलेल.

वाळलेला सूटही तीन-चार किलोचा भरतो आणि आत भट्टी होते. पाण्याची बाटली हाताशी ठेवा. बसायचं कसं आणि किती वेळ, ते पुढच्या भागात.