मतदार जिंकवतात एकाला, पारडं जड होतं दुसऱ्याचं! अमेरिकेतल्या सुपरडेलिगेटचा विषय काय आहे?

९ फेब्रुवारी २०१६. न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली. प्रायमरी म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण असावा, यासाठी सामान्य मतदारांनी केलेलं मतदान. बर्नी सँडर्स यांना ६० टक्के मतं पडली, हिलरी क्लिंटन यांना ३८. एवढा एकतर्फी निकाल लागूनही प्रतिनिधींचा हिशोब आला तो १५ विरुद्ध १५.

हे कसं काय?

तर मतांच्या प्रमाणात सँडर्सना १५ प्रतिनिधी मिळाले होते आणि क्लिंटनना ९. पण राज्यातल्या पक्षाच्या ६ बड्या नेत्यांनी आपला पाठिंबा क्लिंटनना आधीच जाहीर केला होता. अधिवेशनात त्यांनाही प्रत्येकी एक मत होतं, आणि ते कुणाला द्यायचं याचं त्यांच्यावर बंधन नव्हतं. हेच ते सुपरडेलिगेट.

पक्षाचे खासदार, गव्हर्नर, राष्ट्रीय समितीचे सदस्य, माजी राष्ट्राध्यक्ष हे सगळे यात येतात. २०१६ साली ते ७०० च्या आसपास होते, म्हणजे एकूण प्रतिनिधींपैकी साधारण १५ टक्के. आता यात एक मराठी माणूसही आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून डेट्रॉइटचे खासदार आहेत, त्यामुळे अधिवेशनातली खुर्ची त्यांना आपोआप मिळते.

आपल्याकडे एबी फॉर्म कुणाला द्यायचा हे वरून ठरतं, त्यामुळे यात विशेष काय असं वाटेल. पण तिकडे हा अधिकार मतदारांनी भांडून मिळवलेला आहे.

त्यासाठी १९६८ मध्ये जावं लागतं. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं. युद्धविरोधी तरुण दारोदार फिरून युजीन मॅकार्थी यांच्यासाठी मतं मागत होते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी माघार घेतली, रॉबर्ट केनेडी यांची जूनमध्ये हत्या झाली. आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ह्युबर्ट हम्फ्री यांना, जे एकाही प्रायमरीत उतरले नव्हते! बहुतेक राज्यांचे प्रतिनिधी तेव्हा पक्षातले पुढारीच ठरवायचे. बाहेर रस्त्यावर पोलीस आंदोलकांना झोडपत होते आणि देश ते टीव्हीवर बघत होता. नोव्हेंबरमध्ये हम्फ्री निक्सनकडून हरले.

यातून पक्षाने नियम बदलले आणि प्रायमरींना खरं वजन आलं. पण १९७२ मध्ये मतदारांनी निवडलेले जॉर्ज मॅकगव्हर्न ५० पैकी ४९ राज्यं हरले. १९८० मध्ये कार्टरही आपटले. मग पुढाऱ्यांनी डोकं वर काढलं: लोक भावनेच्या भरात कुणालाही निवडतील, आम्हा जाणत्यांचा लगाम हवा. १९८२ मध्ये गव्हर्नर जिम हंट यांच्या समितीने सुपरडेलिगेटची तरतूद आणली. १९८४ मध्ये त्यांच्या पाठिंब्याचा मोठा फायदा वॉल्टर मॉन्डेल यांना झाला. तेही ४९ राज्यं हरले, हे सांगायलाच हवं.

आता सोशल मीडियावर अजूनही फिरणारा दावा: २०१६ ची उमेदवारी सुपरडेलिगेटनी चोरली. आकडे तसं सांगत नाहीत. क्लिंटनना सँडर्सपेक्षा सुमारे ३७ लाख मतं जास्त होती आणि निवडून आलेले प्रतिनिधीही जास्त होते. उलट शेवटी शेवटी सँडर्स यांचीच टीम सुपरडेलिगेटना आपल्याकडे वळवायला बघत होती.

तक्रारीत दम होता तो वेगळ्या मुद्द्यावर. पहिलं मत पडायच्या आधीच शेकडो नेते क्लिंटनच्या रांगेत उभे होते आणि टीव्हीवरच्या आकड्यांत ते मोजले जात होते. आपला उमेदवार पहिल्या दिवसापासून मैलभर मागे दिसला, तर लांबच्या राज्यातला मतदार घराबाहेर पडेल का? कॅलिफोर्नियाच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी असोसिएटेड प्रेसने क्लिंटनची उमेदवारी नक्की झाल्याची बातमी दिली, तीसुद्धा सुपरडेलिगेटना विचारून.

सँडर्सचे कार्यकर्ते हरल्यावर घरी बसले नाहीत. ते समित्यांमध्ये शिरले, नियमांवर भांडले. ऑगस्ट २०१८ मध्ये, पुन्हा शिकागोतच, ठराव झाला: निकाल आधीच निर्विवाद असेल तर ठीक, नाहीतर सुपरडेलिगेटना पहिल्या फेरीत मत नाही. १९५२ नंतर दुसरी फेरी कधी झालेलीच नाही, म्हणजे त्यांचं मत जवळपास गेलंच.

मत गेलं, वजन मात्र राहिलं. २०२० मध्ये खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला, तीनच दिवसांत बायडन साउथ कॅरोलायना जिंकले. लगेच बुटिजज आणि क्लोबुचर यांनी माघार घेत बायडनना पाठिंबा दिला आणि पुढच्या मंगळवारी १४ पैकी १० राज्यं बायडनच्या खिशात गेली. मतदान मतदारांनीच केलं, पण मैदानात किती जण उरले हे नेत्यांच्या चालींनी ठरलं. याला कोणता नियम आवरणार?

रिपब्लिकन पक्षात असा मोकळा गट नाही. तिथले पदाधिकारी-प्रतिनिधी बहुतेक राज्यांत निकालाला बांधलेले असतात. २०१६ मध्ये अनेक बड्या नेत्यांना ट्रम्प नको होते, पण ते काही करू शकले नाहीत.

आणि २०२४. प्रायमरीत बायडनना १ कोटी ४० लाखांहून जास्त मतं पडली. २७ जूनची डिबेट फसली, पक्षातल्या नेत्यांनी दबाव वाढवला, २१ जुलैला बायडन बाजूला झाले. दोन दिवसांत कमला हॅरिस यांच्याकडे पुरेसे प्रतिनिधी जमले. हे प्रतिनिधी बायडनचे म्हणून निवडून आलेले होते, सुपरडेलिगेटच्या मतांची गरजही पडली नाही.

त्याच वर्षी मिशिगनमध्ये गाझा युद्धाच्या निषेधार्थ १ लाखाहून जास्त मतदारांनी प्रायमरीत 'कुणालाच नाही' हा पर्याय निवडला होता. इतर राज्यांतही हे लोण पसरलं, आणि या मतांवर निवडून आलेले मोजके प्रतिनिधी ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात पोहोचले. एका पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला व्यासपीठावर बोलू द्या, अशी त्यांची मागणी होती. पक्षाने नाही म्हटलं. त्यातल्या काहींनी ती रात्र युनायटेड सेंटरच्या बाहेर, फुटपाथवर बसून काढली.