हँडल एकदा पुरते वळवून पाहावे

निजामपुऱ्यातील आमच्या सोसायटीच्या फाटकातून दररोज सकाळी सव्वानऊ वाजता आमची धाकटी बहीण बँकेत जावयास निघते. तिच्या स्कूटरला मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस एकेक लहान चाक जोडलेले आहे. लहानपणी पोलिओने तिचा उजवा पाय अधू केला. आपल्या देशात पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे आजच्या तरुण आईबापांना या रोगाची धास्ती ठाऊक नाही, हे त्यांचे भाग्य. परंतु त्याआधी ज्यांना त्याने गाठले ती मंडळी आज चाळिशी-पन्नाशी ओलांडून आपापल्या वाहनांवरून शहरभर हिंडत आहेत. त्यांच्या वाहनांच्या हँडलाविषयी चार शब्द लिहावेत असे गेल्या दीड वर्षापासून आमच्या मनात आहे. कारण पुढे येईलच.

दुचाकीला जादा चाक जोडले म्हणजे ती अधिक स्थिर झाली, असा सर्वसाधारण समज असतो. आमचाही होता. तो प्रथम ढिला केला आमच्या वडिलांनी. त्यांच्या स्कूटरला डाव्या बाजूस साइडकार होती. तीत आई, आम्ही दोघे आणि रावपुऱ्यातून आणलेला आठवड्याचा बाजार एवढे सारे मावत असे. साइडकारचे वाहन सरळ चालवणे ही एक विद्याच आहे. वेग वाढवला की डाव्या बाजूचा जड डबा मागे राहू पाहतो आणि वाहन डावीकडे ओढले जाते. ब्रेक दाबला की तोच डबा पुढे जाऊ पाहतो आणि वाहन उजवीकडे वळते. डावे वळण वेगात घेतले तर डब्याचे चाक जमीन सोडते. डबा रिकामा असला की वडील त्यात जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवीत. रद्दीवाल्याला ते कधी का देत नाहीत, याचे कोडे आईला पुष्कळ दिवस पडले होते.

रविवारी ते अंगणात दोन सरळ लाकडी पट्ट्या घेऊन बसत. एक पट्टी स्कूटरच्या दोन्ही चाकांना लावून, दुसरी डब्याच्या चाकाला लावून, पुढचे व मागचे अंतर मोजीत. पुढचे अंतर मागच्यापेक्षा अर्धा ते पाऊण इंच कमी हवे, म्हणजे डब्याचे चाक किंचित आत पाहते आणि वाहनाची ओढ कमी होते. स्कूटरही डब्यापासून जराशी बाहेर कललेली ठेवीत. रस्ता मध्यभागी उंच व कडेला उतरता असतो. डाव्या कडेने चालणारे वाहन आपोआप डावीकडे झुकते, त्याची ही भरपाई. हँडल हातात हलके लागते की जड, हे हँडलापेक्षा खाली चाकांच्या मांडणीवरच अधिक अवलंबून असते, हा धडा आम्हांस तेथे मिळाला आणि पुढे तीस वर्षे विसरावयासही मिळाला.

दुचाकीस्वार वळण घेतो ते मुख्यतः कलून. वेगात डावीकडे जावयाचे असले तर तो नकळत डावी मूठ पुढे ढकलतो, क्षणभर चाक उजवीकडे जाते, वाहन डावीकडे कलते आणि वळते. सायकल चालवणारा प्रत्येकजण हे करतो; विचारले तर नाही म्हणेल. बाजूची चाके जोडली की हे कलणे संपले. आता डावीकडे जावयाचे तर हँडल सरळसरळ डावीकडेच वळवावे लागते, आणि वाहन वळणाच्या बाहेरच्या अंगास उलटू पाहते. ज्याने आयुष्यभर साधी दुचाकी चालवली त्याने अशा स्कूटरवर पहिल्याने बसू नये. संकटाच्या क्षणी त्याचे हात जुन्या सवयीने उलट्या दिशेस जातात. बहिणीची स्कूटर दुरुस्तीनंतर ‘जरा फिरवून’ आणणारे दोन तरुण कारागीर कुंपणात गेलेले आम्ही पाहिले आहेत. बहिणीने मात्र साधी दुचाकी कधी चालवलीच नाही, त्यामुळे तिला विसरण्यासारखे काही नव्हते.

तिची पहिली स्कूटर गिअरची होती. त्या जातीच्या स्कूटरचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो, आणि नेमका तोच पाय तिचा दुबळा. तेव्हाच्या कारागिराने दोन्ही ब्रेकांच्या केबली उजव्या हाताच्या एकाच दांडीला आणून जोडल्या. पुढे बिनगिअरच्या स्कूटरी आल्या, दोन्ही ब्रेक हातांत आले आणि ही अडचण मिटली. दुसरी मात्र वयाबरोबर आली. अशा स्कूटरचे हँडल मुळात जड. त्यात रस्त्याच्या उताराची सततची ओढ, कुबड्यांचा चाळीस वर्षांचा भार. बहिणीचे खांदे संध्याकाळी इतके ठणकू लागले की जेवताना हात वर जाईना.

दीड वर्षापूर्वी आम्ही असा विचार केला की, हँडल उंच करून जरा तिच्याकडे ओढून घ्यावे, म्हणजे तिला पुढे वाकावे लागणार नाही. विचार चुकीचा नव्हता. एका कारागिराने हँडलाच्या नळीत तुकडा घालून, वेल्डिंग करून, अडीच इंच उंची वाढवून दिली. बहीण त्यावर बसली आणि कितीतरी दिवसांनी हसली. आम्ही पैसे दिले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून बाहेर पडताना तिने नेहमीप्रमाणे हँडल पुरते डावीकडे वळवले आणि इंजिन एकाएकी गरजले. तिने मूठ पिळली नव्हती. हँडल उंच झाले, पण ॲक्सिलरेटरची केबल मात्र जुन्याच लांबीची राहिली होती; हँडल टोकाला जाताच ती ताणली गेली आणि तिनेच मूठ पिळल्याचे काम केले. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिनाचा वेग वाढला की क्लच आपोआप पकडतो आणि वाहन पुढे झेपावते. हँडल सरळ करावे तर केबल ढिली होऊन इंजिन शांत होईल, हे त्या एका क्षणात कोणाला सुचणार? स्कूटर समोरच्या भाजीच्या हातगाडीवर आदळली. बहिणीचे डावे मनगट मोडले. भाजीवाल्याला ईजा झाली नाही, ही ईश्वराची कृपा. त्याने आपली सांडलेली वांगी वेचायची सोडून आधी तिला उचलले.

प्लास्टर सहा आठवडे होते. त्या काळात घरात एकच विषय चालला : तिने आता वाहन चालवावे की नाही. आमचे मत, स्पष्टच सांगतो, नको असे होते. रिक्षा लावून देऊ, म्हणालो. ती म्हणाली, “दादा, रिक्षावाला मला नेईल तेथे मी जाईन. आणि तो आला नाही, म्हणजे?” आम्ही गप्प बसलो.

छाणी रस्त्यावरच्या एका वृद्ध मिस्त्रीचे नाव आम्हांस तिच्याच एका सहकाऱ्याने सांगितले. मिस्त्रीने पाना हाती घेण्यापूर्वी इंजिन चालू करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवले आणि कान लावून ऐकत राहिला. मग आमच्याकडे न पाहता बहिणीस म्हणाला, “बेन, पहेलां हॅन्डल फेरवो, पछी पैसा आपजो.” बोलणे बहिणीशी होते, परंतु लागले ते आम्हांस.

त्याने वेल्डिंगचा तुकडा काढून टाकला. हँडलाच्या बुडाशी सर्वांत अधिक ताण येतो आणि नेमका तेथेच जोड दिलेला होता. केबल ताणली नसती तरी तो केव्हातरी तुटला असता. त्याच्या जागी एकाच नळीचे वाकवलेले हँडल आले, उंची दीड इंचावर आली, केबली लांब घातल्या गेल्या. मानेची बेअरिंगे इतकी घट्ट आवळलेली होती की हँडल मध्यभागी अडकल्यासारखे होई. ती त्याने सैल केली, पण इतकीही नाही की पुढचा ब्रेक दाबताच खडखड व्हावी. बहिणीच्या खांद्यांचे निम्मे दुखणे या घट्ट आवळण्यात होते, असे आमचे आजचे मत आहे.

खरी करामत त्याने खाली केली. बाजूची चाके ज्या पट्ट्यांवर बसतात त्यांना त्याने तीन-तीन भोके पाडून दिली. कोरड्या, सपाट रस्त्याला मधले भोक. पावसाळ्यात दोन्ही चाके एक भोक वर, कारण ती खाली असली की वाहनाचा भार उचलून धरतात आणि मागच्या मुख्य चाकाची पकड सुटते; ओल्या रस्त्यावर ते जागीच फिरते आणि ब्रेकही लागत नाही. चाके वर घेतली की स्कूटर किंचित डुलते, आणि ते डुलणे बहिणीस आवडत नाही; पण ती सोसते. खालचे भोक आहे ते फक्त डाव्या चाकासाठी, उतरत्या कडेच्या लांब रस्त्याकरिता, आणि तेही वेग कमी ठेवून. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरून ओसरले, तेव्हा रस्त्यांवर गाळ आणि खड्डे राहिले होते. साधा दुचाकीस्वार खड्डा चुकवतो तेव्हा दोन चाकांची एकच रेघ चुकवतो. या स्कूटरला तीन रेघा. पुढच्याने चुकवलेला खड्डा बाजूच्याला सापडतो. त्यावर कोणतेही भोक चालत नाही. सावकाश जाणे, एवढेच.

गेल्या हिवाळ्यात कॅनडातून आमचा भाचा आला होता. तिकडे तो बर्फावरची गाडी चालवतो : पुढे दोन स्की, मागे फिरता पट्टा, आणि हाती मोटारसायकलसारखे हँडल. मावशीची स्कूटर उलटीपालटी पाहून तो म्हणाला, “हे तर आमचेच सारे!” कठीण बर्फावर स्कीच्या तळाशी कार्बाइडची धारदार पट्टी लावतात, म्हणजे वळताना ती बर्फात रुतते, ती फार धारदार केली तर हँडल जड होते आणि जुन्या चाकोऱ्यांमागे गाडी भरकटते. मऊ, खोल बर्फात रुंद स्की हव्यात आणि त्या परस्परांच्या जवळ, म्हणजे गाडी कलवता येते. बांधलेल्या वाटेवर त्या दूर हव्यात. डोंगरात उभ्याने चालवणारे हँडल उंच करतात, आणि उंच केल्यावर हँडल दोन्ही टोकांना वळवून केबल ताणली जात नाही ना, हे पाहतात. हे शेवटचे ऐकून आम्ही आणि बहिणीने एकमेकांकडे पाहिले.

त्या गाडीचा जनक क्वेबेक प्रांतातील जोझेफ-आर्मां बोंबार्डिए. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फाने बुजलेले, इस्पितळापर्यंत नेण्यास वाहन नाही, मुलगा गेला. तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याला बर्फावर चालणाऱ्या वाहनाच्या पट्ट्याचे पेटंट मिळाले, आणि १९५९ मध्ये त्याची लहान ‘स्की-डू’ बाजारात आली. आज लोक ती मौजेसाठी पळवतात. भाचा हे सांगत असताना बहिणीने चहाचा कप खाली ठेवला होता.

कायद्याचेही एक सांगावयास हवे, कारण आम्ही स्वतः त्यात कमी पडलो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात मनास येईल तसा बदल करता येत नाही. अपंग व्यक्तीच्या वापरासाठी मात्र परवानगीने करता येतो, आणि त्याची नोंद वाहनाच्या नोंदणीपत्रात व्हावी लागते. पहिल्या कारागिराकडे जाताना आम्ही ना कोणास विचारले, ना विमावाल्यांस कळवले. यावेळी आरटीओच्या कचेरीत तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेस बहीण स्वतः स्कूटरवरून गेली, आम्ही मागून रिक्षाने.

आता सकाळी सव्वानऊला इंजिन सुरू होते, हँडल डाव्या टोकास जाते, उजव्या टोकास जाते, आवाज बदलत नाही, आणि मगच फाटक उघडते. शेजारच्या मुलांना तो खेळच वाटतो. ती आपल्या सायकलींचेही हँडल तसे फिरवून निघतात. येत्या रविवारी मिस्त्रीकडे जावयाचे आहे. पाऊस तोंडावर आला, चाके वर घ्यावयाची आहेत. शिवाय डाव्या चाकाचा बुश वाजतो, असे बहिणीचे म्हणणे. आम्हांस तो आवाज ऐकू येत नाही.