थंडीत परसातील कोंबड्यांची निगा

परसातल्या दहा-पंधरा कोंबड्या म्हणजे घरातील बाईच्या हातातला रोकड पैसा. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या असा किरकोळ खर्च अंड्यांवर भागतो. परंतु डिसेंबर-जानेवारीत अंडी कमी होतात, पिले मरतात आणि हा पैसा आटतो. निफाडसारख्या भागात पारा काही वेळा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. अशा वेळी थोडी काळजी घेतल्यास होणारे नुकसान बरेच टाळता येते.

थंडीचा परिणाम का होतो?

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. हवा थंड झाली की ते टिकवण्यासाठी खाल्लेल्या दाण्यातील बराच भाग खर्ची पडतो व अंड्यासाठी कमी उरतो. दुसरे कारण उजेडाचे. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरअखेर दिवस साधारण ११ तासांचाच असतो.

खुराड्याची व्यवस्था

खुराड्याचे दार दक्षिणेस किंवा पूर्वेस ठेवावे, म्हणजे उत्तरेकडील गार वारा आत शिरत नाही व सकाळचे ऊन मिळते. बाजूंच्या जाळीवर गोणपाटाचे पडदे लावावेत. दिवस मावळताना ते सोडावेत व ऊन चढल्यावर गुंडाळावेत.

येथे एक चूक हमखास होते. ऊब राहावी म्हणून खुराडा चहूबाजूंनी गच्च बंद केला जातो. विष्ठेतून निघणारा अमोनिया व श्वासातील ओल आतच कोंडते, डोळे चुरचुरतात आणि श्वसनाचे रोग बळावतात. म्हणून छताखाली सुमारे एक फूट जागा नेहमी उघडी ठेवावी. वारा अंगावर येऊ नये, पण हवा खेळती असावी. सकाळी खुराडा उघडताच नाकाला झोंबले, तर हवा अपुरी आहे असे समजावे.

कोरडी गादी

जमिनीवर भाताचे तूस, भुईमुगाची टरफले किंवा लाकडाचा भुसा यांची ४ ते ६ इंच जाड गादी करावी. ती आठवड्यातून दोनदा खालीवर करावी. पाण्याच्या भांड्याजवळचा ओला भाग लगेच काढून टाकावा. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. हंगामअखेर निघणाऱ्या गादीत नत्र भरपूर असते. मात्र ती ताजी पिकाला देऊ नये, खड्ड्यात कुजवूनच वापरावी.

पिलांना ऊब

पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी कमी करावी. खुडूक कोंबडी असल्यास ती हे काम स्वतःच करते. तिला पिलांसह डालग्याखाली ठेवून वरून गोणपाट टाकावे. विकत आणलेल्या पिलांसाठी प्रत्येकी २ वॅट या हिशेबाने साधा तारेचा दिवा टांगावा. म्हणजे ३० पिलांना ६० वॅटचा एक दिवा पुरतो. घरोघरी आलेले एलईडी दिवे उजेड देतात, पण पुरेशी ऊब देत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

तापमापी नसली तरी पिलांकडे पाहून कळते. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील, तर ऊब कमी आहे. अशा गर्दीतच खालची पिले चेंगरून मरतात. चोच उघडून दूर पळत असतील, तर ऊब जास्त आहे. सर्वत्र सारखी पसरली असतील, तर ऊब योग्य आहे. बंद जागेत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्या विषारी धुराने पिलेच नव्हे, तर राखण करणारा माणूसही दगावू शकतो.

खाद्य, पाणी व उजेड

संध्याकाळी खुराड्यात शिरण्यापूर्वी प्रत्येक कोंबडीला मूठभर मका, बाजरी किंवा ज्वारी द्यावी. त्यामुळे रात्रभर शरीराला ऊब मिळते. सकाळी रात्रीचे गारठलेले पाणी ओतून ताजे, कोमट पाणी द्यावे. गिरिराज, वनराजा अशा सुधारित जातींच्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी पहाटे दिवा लावून उजेडाचे तास वाढवावेत. वाढत्या तलंगांना मात्र जादा उजेड देऊ नये.

लसीकरण

मानमोडी अर्थात राणीखेत झाल्यास त्यावर उपचार नाही, लस हाच उपाय. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस द्यावी. पुढील लसींच्या वेळा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्याव्यात.

गोणपाट, तूस व मूठभर दाणे बहुतेक घरी असतातच. दिवाळी संपताच ही तयारी केली, तर ऐन थंडीतही अंड्यांची टोपली रिकामी राहणार नाही.