जमैकाचं वाटण, आपला गूळ

१८४५ साली आपल्या देशाचे मजूर जमैकाच्या ऊसमळ्यांत कामाला गेले. त्या जमैकाचं लिंबू-मसाल्याचं 'जर्क' वाटण गोवंडीला खोली करून राहणाऱ्या आपल्या मुलांनाही सहज जमेल.

एक किलो कोंबडीला दोन लिंबांचा रस, आठ लसूणपाकळ्या, बोटभर आलं, पाच हिरव्या मिरच्या, चार लवंगा, थोडी दालचिनी, जायफळ, मीठ व चमचाभर गूळ एकत्र वाटावा. तिथल्या थाइमच्या पाल्याऐवजी चिमूटभर ओवा चालतो. दोहोंत थायमॉल हेच वासाचं द्रव्य असतं.

स्टीलच्या भांड्यात वाटण लावून दोन तास फ्रिजमध्ये ठेवावं. मात्र आम्ही बजावून सांगतो, लिंबानं जंतू मरतीलच असं नाही. कच्च्या मांसाला लागलेलं वाटण चटणी म्हणून खाऊ नये. गूळ लवकर करपतो, तेव्हा मंद आचेवर आतपर्यंत शिजवावं.