‘शंभर अब्ज’ म्हणे! पण कोणी मोजले?

मेंदूचा धडा शिकवताना आपण सहज एक वाक्य बोलून जातो : ‘माणसाच्या मेंदूत शंभर अब्ज चेतापेशी असतात.’ मुले ते वहीत उतरवून घेतात. आकडा भलामोठा, त्यामुळे खूशही होतात. पण समजा, मागच्या बाकावरून एखादीने विचारले, ‘बाई, कोणी मोजल्या?’ तर आपण काय सांगू? पुस्तकात दिले आहे, असे सांगू. त्या पुस्तकात कोठून आले? आधीच्या पुस्तकातून. आणि त्या आधीच्या पुस्तकात?

हाच प्रश्न घेऊन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना कामाला लावण्याची एक पद्धत गेल्या पंधरा-वीस वर्षांत रुळली आहे. चेताविज्ञानाचा, म्हणजे मेंदू आणि चेतासंस्थेच्या विज्ञानाचा, अभ्यासक्रम शिकताना विद्यार्थ्यांनी नेहमीचा निबंध लिहायचा नाही. त्याऐवजी विकिपीडिया या ज्ञानकोशातला त्या विषयावरचा एखादा अपुरा लेख सुधारायचा. काम साधे वाटते, पण त्यातून जे शिकायला मिळते ते निबंधातून मिळत नाही. ते कसे, आणि हा प्रयोग कधी फसतो, हे आपण पाहू.

कोणीही लिहावे असा कोश

ज्ञानकोश म्हटले की आपल्याला डॉ. केतकरांचा ज्ञानकोश किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आठवतो. तिथे विषयाचे जाणकार लिहितात आणि संपादक तपासतात. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाची रीत वेगळी आहे. तिथे कोणीही लिहू शकतो आणि दुसऱ्याने लिहिलेले कोणीही दुरुस्त करू शकतो. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून आहे.

मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा? २००५ साली ‘नेचर’ या साप्ताहिकाने विज्ञानविषयक ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार चुका आढळल्या, तर एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या लेखात तीन. ब्रिटानिकाने या तपासणीवर कडक आक्षेप घेतले, तो भाग वेगळा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की दोन्हीकडे चुका होत्या. लिहिणाऱ्याची पदवी विकिपीडियावर उपयोगी पडत नाही. तिथली भिस्त एका नियमावर आहे. प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला आधार दाखवता आला पाहिजे. आधार नसेल तर वाचणारा त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करून ठेवतो. आपल्या मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्नच जणू तिथे छापलेला असतो.

२०११ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या एका मोठ्या संघटनेने आपल्या सभासदांना आवाहन केले, की विकिपीडियावरचे मानसशास्त्राचे लेख सुधारण्यासाठी हातभार लावा आणि विद्यार्थ्यांनाही त्यात घ्या. २०१२ मध्ये बॉस्टन कॉलेजमधील एका प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध झाली. चेताविज्ञानाच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांना तिथे या विषयावरचे त्रोटक लेख वाढवायला दिले होते. त्यानंतर अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत अशी कामे नियमित दिली जाऊ लागली.

एका वाक्यामागे धावताना

आता आपण स्वतःला अशा विद्यार्थिनीच्या जागी ठेवू. समजा, तिच्या वाट्याला आलेल्या लेखात वाक्य आहे : ‘मेंदूत शंभर अब्ज चेतापेशी आणि त्यांच्या दहापट ग्लिया पेशी असतात.’ (ग्लिया म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या पेशी.) वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण आहे. निबंधात हे वाक्य तसेच खपून गेले असते. इथे मात्र शोध घेणे भाग आहे.

शोधता शोधता ती ब्राझीलमध्ये पोचते. रिओ दि जानेरो येथील सुझाना हर्कुलानो-हाउझेल या संशोधिकेलाही हाच प्रश्न पडला होता. शंभर अब्ज हा आकडा पुस्तकांमागून पुस्तकांत होता, पण तो मुळात कोणी मोजून काढला, ते तिला सापडेना. मग तिने रोबेर्तो लेन्त या सहकाऱ्याबरोबर मोजण्याची एक नवीच युक्ती काढली आणि ती २००५ साली प्रसिद्ध केली.

अडचण अशी होती : मेंदूचा पातळ काप घ्यायचा, त्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या आणि त्यावरून सगळ्या मेंदूचा हिशेब करायचा, ही जुनी पद्धत. पण मेंदूत पेशी सगळीकडे सारख्या नसतात. काही भागांत त्या खच्चून भरलेल्या, तर काही भागांत विरळ. मुंबईतल्या एका चाळीवरून महाराष्ट्राची लोकसंख्या काढण्यासारखाच हा प्रकार. यावर उपाय काय? मेंदूतला असमानपणाच नाहीसा करायचा! औषध लावून टिकवलेले मेंदूचे तुकडे साबणासारख्या द्रावणात घोटले की पेशींची आवरणे विरघळतात, पण प्रत्येक पेशीचे केंद्रक शाबूत राहते. एका पेशीत एक केंद्रक. आता हे मिश्रण नीट ढवळले की केंद्रके सगळीकडे सारखी पसरतात. मग त्यातले थेंबभर घेऊन केंद्रके मोजायची आणि एकूण मिश्रणाच्या प्रमाणात गुणायचे. डाळीच्या आमटीत मोहरीचे दाणे किती, हे पळीभर आमटी घेऊन काढावे, तसे. फक्त आमटी आधी चांगली ढवळलेली हवी. यानंतर चेतापेशींच्या केंद्रकालाच चिकटणारे एक प्रतिपिंड वापरून, मोजलेल्यांपैकी चेतापेशी किती आणि इतर किती, हेही वेगळे करता येते.

या पद्धतीने चार प्रौढ पुरुषांच्या मेंदूंची मोजणी होऊन २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चेतापेशी सरासरी ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी. आणि बाकीच्या सगळ्या पेशी मिळून ८५ अब्जांच्या आसपास. ‘दहापट ग्लिया’ कुठल्या कुठे गेल्या! आणखी एक नवल : ज्याला आपण लहान मेंदू म्हणतो त्या अनुमस्तिष्काचे वजन एकूण मेंदूच्या सुमारे एक दशांश, पण ८६ पैकी ६९ अब्ज चेतापेशी तिथेच दाटीवाटीने राहतात. विचार, भाषा, स्मृती यांसाठी ज्याचे नाव घेतले जाते त्या मोठ्या मेंदूच्या बाह्यकात केवळ १६ अब्ज.

एका प्रयोगावर भागत नाही

आता विद्यार्थिनी हा शोधनिबंध संदर्भ म्हणून देईल आणि सुटेल? नाही. शरीर व आरोग्य यांच्याशी संबंध असलेल्या लेखांसाठी विकिपीडियाचा आणखी एक दंडक आहे. एकट्यादुकट्या प्रयोगावर विधान उभे करू नये. अनेक प्रयोगांचा तौलनिक विचार करणारा आढावा-लेख किंवा मान्यताप्राप्त ग्रंथ शोधावा. नवशिक्यांना हा दंडक जाचक वाटतो. त्यामागचे कारण एका मेलेल्या माशाने फार छान समजावून दिले आहे.

मेंदूच्या कुठल्या भागात काम चालू आहे हे दाखवणारी रंगीत चित्रे आपण पाहतो. चुंबकीय यंत्राने मेंदूतल्या हजारो बारीक ठिकाणांची मापे घेऊन ती तयार करतात. २००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा या यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’ आणि छायाचित्रातल्या माणसाला काय वाटत असेल असे ‘विचारले’. मापांचे ढोबळ गणित केल्यावर माशाच्या मेंदूत काही ठिकाणे चक्क ‘जागी’ झालेली दिसली!

मासा अर्थातच मेलेलाच होता. घोळ गणिताचा होता. शाळेतल्या हजार मुलांना प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवायला सांगा. एखाद्याला दहाही वेळा छापा पडण्याची चांगलीच शक्यता आहे. म्हणून त्या मुलाच्या हातात जादू आहे, असे आपण म्हणत नाही. हजारो ठिकाणी एकदम मोजले की काही ठिकाणी योगायोगानेच ‘काहीतरी’ दिसते, आणि त्यासाठी गणितात दुरुस्ती करावी लागते. ती केल्यावर माशाचा मेंदू शांत झाला. तेव्हा एका प्रयोगाने हुरळून जाऊ नये, हा दंडक उगाच नाही.

आपल्या विद्यार्थिनीला आढावा-लेखही सापडतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात पेशीमोजणीच्या दीडशे वर्षांचा इतिहास तपासला आहे. चेतापेशींच्या मानाने ग्लिया दहापट नाहीत, जेमतेम बरोबरीच्या किंवा थोड्या कमीच आहेत, असा त्याचा निर्वाळा आहे. आता ती जुने वाक्य बदलते. कच्चा मजकूर आधी ‘धूळपाटी’वर लिहिते. मराठी विकिपीडियाने सरावाच्या पानाला हे सुरेख नाव दिले आहे. वर्गातल्या दोघी-तिघी तो वाचून शंका काढतात, मग तो मूळ लेखात जातो. आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी देशातला अनोळखी माणूस चर्चापानावर विचारतो, ‘चारच मेंदू मोजले, तेही पुरुषांचे, मग सर्व माणसांना हा आकडा लावता येईल का?’ प्रश्न रास्त आहे. तिला ‘सुमारे’ हा शब्द घालावा लागतो आणि मोजणी कोणावर झाली तेही लिहावे लागते.

एक वाक्य बदलायला एवढा खटाटोप! पण या खटाटोपात तिने मोजमापाची पद्धत समजून घेतली, मूळ संशोधन आणि आढावा यांतला फरक ओळखला आणि आपल्या विधानाची मर्यादा नेमक्या शब्दांत मांडली. विज्ञान शिकणे याहून वेगळे काय असते?

पुण्यातला धडा

आता दुसरी बाजू. २०११ साली विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने पुण्यातील काही महाविद्यालयांत असाच उपक्रम सुरू केला. विषय अभियांत्रिकी, अर्थशास्त्र वगैरे होते. सुमारे हजार विद्यार्थी सामील झाले. थोड्याच दिवसांत ध्यानात आले, की पुष्कळसा मजकूर पुस्तकांतून आणि संगणकजालावरून जसाच्या तसा उतरवलेला आहे. जगभरचे स्वयंसेवक तो शोधून काढता काढता दमले. शेवटी वर्ष संपण्यापूर्वीच उपक्रम थांबवावा लागला.

आपली मुले कमी हुशार होती का? मुळीच नाही. हे फक्त आपल्याकडेच घडले असेही नाही. २०१३ साली कॅनडात टोरोंटो विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या दीड हजारांहून मोठ्या वर्गाला असेच काम दिले, तेव्हाही उतरवलेल्या आणि चुकीच्या मजकुरावरून स्वयंसेवकांशी खटके उडाले. दोन्हीकडे विद्यार्थी फार आणि वाट दाखवणारे थोडे. पुण्यात तर अनेक शिक्षकांनी स्वतः कधी विकिपीडियावर एक ओळही लिहिलेली नव्हती.

पण आपण शिक्षकांनी स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. पहिलीपासून आपण मुलांना काय शिकवले? फळ्यावरचे उतरवून घ्या. मार्गदर्शकातले उत्तर पाठ करा. शब्द बदलला तर गुण गेले. बारा-पंधरा वर्षे जे करून शाबासकी मिळवली, तेच त्या मुलांनी महाविद्यालयात केले. त्याला चोरी म्हणतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळले, आणि तेही परक्यांकडून.

आपल्या वर्गात

म्हणून सुरुवात शाळेतच करावी, आणि तिला संगणकही लागत नाही. काही सोपे उपक्रम असे :

१. पाठ्यपुस्तकातला दहा ओळींचा उतारा घ्या. ज्या वाक्याला आधार हवा असे वाटते, त्यापुढे मुलांनी पेन्सिलीने ‘संदर्भ हवा’ लिहायचे. कोणत्या वाक्याला तो लागत नाही, यावरही चर्चा रंगते.

२. उतारा वाचून पुस्तक मिटायचे, पाच मिनिटे दुसरेच काही करायचे आणि मग समजले तेवढे स्वतःच्या भाषेत लिहायचे. जे समजलेले नाही ते लिहिता येत नाही, हे मुलांना आपोआप कळते.

३. वाटाणे आणि राजमा मोठ्या पातेल्यात मिसळा. एकदा न ढवळता आणि एकदा चांगले ढवळून वाटीभर दाणे मोजा, त्यावरून एकूण संख्या काढा. शेवटी सगळे मोजून पडताळा. ८६ अब्जांचा आकडा कसा आला, ते हाताने कळेल.

४. शाळेत संगणक असेल तर मराठी विकिपीडियावरचा मेंदूविषयीचा लेख उघडा आणि त्याचा ‘इतिहास’ पाहा. कोणी, केव्हा, काय बदलले, ते सगळे तिथे असते. चेतापेशी, मज्जापेशी, न्यूरॉन यांपैकी कोणता शब्द वापरावा, असे मराठीचे खास प्रश्न मुलांपुढे ठेवा. मोठ्या मुलांनी धूळपाटीवर लिहून पाहावे. स्वतःचे नाव-पत्ता मात्र तिथे देऊ नये.

पाचवी गोष्ट आपल्यासाठी. मुलांना लिहायला सांगण्याआधी आपण स्वतः एक लेख सुधारावा. एखाद्या अनोळखी माणसाने आपले वाक्य खोडले की कसे वाटते, ते अनुभवल्याशिवाय मुलांना धीर देता येत नाही.

आज तर प्रश्न विचारताच सफाईदार परिच्छेद लिहून देणारी यंत्रे मुलांच्या हातात आली आहेत. त्यांचे उत्तर कधी बरोबर असते, कधी चूक, आणि दिलेला संदर्भ कधीकधी अस्तित्वातच नसतो. तेव्हा माहिती मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. ती कोणी, कशी मोजली, हे विचारायची सवय लावणे मात्र अजूनही आपल्याच हातात आहे.

उद्या मागच्या बाकावरून ‘बाई, कोणी मोजल्या?’ असा प्रश्न आला, तर रागावू नका. ‘चल, शोधू या’ म्हणा.