झोपाळ्याची लय कड्यांच्या हाती

झोपाळा करायला घेतला की चर्चा सागवानी फळीवर, कोरीव कामावर आणि पितळी मोर-हत्तींवर रंगते. लय मात्र ठरते कड्यांच्या लांबीवर. चार कोपऱ्यांच्या चार सारख्या कड्या सरळ खाली येत असतील, तर फळी झुलतानाही आडवीच राहते आणि तिला साध्या लंबकाचा नियम लागू पडतो: 2 मीटरच्या कड्यांवर एक पूर्ण झोका सुमारे 2.8 सेकंदांचा, 1 मीटरच्या कड्यांवर जेमतेम 2 सेकंदांचा. म्हणूनच जुन्या वाड्याच्या उंच माजघरातला झोका संथ, तर बाल्कनीतल्या लोखंडी स्टँडवरचा उतावळा वाटतो.

जड फळी सावकाश झुलते, असे कुणी म्हणेल. पण वजन वाढते तेव्हा खेचणारे बल आणि हलवायचे वस्तुमान एकाच प्रमाणात वाढतात. वेळ तीच राहते. जड फळी थांबायला मात्र उशीर लावते, कारण हवेचा विरोध तिला तुलनेने कमी जाणवतो. मग नक्षी बिनकामाची? मुळीच नाही, डोळ्यांना ती हवीच. फक्त पैसे आधी हुकांवर खर्च करावेत. 45 अंशांवरून सोडलेला झोका तळाशी येतो तेव्हा कड्यांवरचा ताण स्थिर वजनाच्या जवळपास 1.6 पट असतो. तो सोसायला तुळईतून आरपार गेलेला बोल्ट लागतो. फॉल्स सीलिंगच्या पट्टीत अडकवलेला हूक नव्हे.