खेळातला बिननावाचा शेतकरी

परवा नालासोपाऱ्याला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांचा शाळकरी मुलगा 'असॅसिन्स क्रीड : वल्हाला' हा व्हिडिओ गेम खेळत होता. २०२० साली आलेला हा खेळ नवव्या शतकातला आहे. व्हायकिंग लोक गलबतांतून येऊन इंग्लंडवर धाड घालतात, आणि खेळणारा त्यांच्यातलाच एक.

वाटेत शेतात राबणारा एक सॅक्सन शेतकरी होता. त्याला ना नाव, ना गाव. मुलाची कुऱ्हाड चुकून त्याला लागली, तशी पडद्यावर ताकीद आली. असे वारंवार केले तर डावच बंद होतो, असे मुलाने सांगितले.

आम्हांला बरे वाटले. खऱ्या इतिहासात मात्र शेतकऱ्याची एवढीही कदर नव्हती. तिथल्या वेसेक्स राज्यात खून झाला तर नातेवाइकांना भरपाई मिळे. साध्या शेतकऱ्याची २०० शिलिंग, सरदाराची १२००. सहा शेतकऱ्यांचे जीव तेव्हा एका सरदाराच्या बरोबरीला! माणसाचे मोल दर्जावरून ठरवण्याची रीत फक्त आपल्याकडेच नव्हती.

आपल्या वसईचेच पाहा. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने ती पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकली. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. राजांची, सेनापतींची नावे पुस्तकात आहेत. पण इथली भातखाचरे आणि केळीच्या बागा ज्यांनी घामाने पिकवल्या, त्यांची नावे कुठे आहेत?

मुलांना खेळू द्या. पण घटकाभर शेजारी बसा आणि विचारा, "बाळा, या शेतकऱ्याचे नाव काय असेल रे?"